घरी बॅटरी बसवायची आहे? मग बॅटरी सगळ्यात शेवटी घ्या

बॅटरी घरी येऊन पडली आहे, पण इन्व्हर्टरला जुळत नाही. असे फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतात. कुणी दिवाळीच्या ऑफरमध्ये लिथियम बॅटरी घेतलेली असते. कुणी छतावर सोलर बसवताना 'नंतर बॅटरी लावता येईल' या तोंडी शब्दावर विसंबलेलं असतं. माझ्या मामेभावाने तर लाखावर रुपये मोजून बॅटरी घेतली आणि ती सहा महिने खोक्यात पडून राहिली. त्याच्या इन्व्हर्टरला बॅटरी जोडायची सोयच नव्हती.

यातली बहुतेक प्रकरणं एकाच कारणाने फसतात: खरेदीचा क्रम उलटा असतो. आधी घरातला लोड मोजायचा, मग इन्व्हर्टर तपासायचा, मग खर्चाचा हिशोब करायचा, मग वायरिंग तयार करायचं आणि बॅटरी शेवटी घ्यायची. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला टप्पा गाळू नका.

टप्पा १: बॅटरी कशासाठी हवी, ते एका वाक्यात लिहा

'लाईट गेल्यावर घर चालू राहावं' हे एक कारण आणि 'वीजबिल कमी व्हावं' हे दुसरं. ही दोन कारणं एकत्र आली की हिशोब बिघडतो, म्हणून ती वेगळी ठेवा.

तुमच्याकडे महावितरणचं नेट मीटर असेल तर दिवसा जास्तीचे झालेले युनिट ग्रिडमध्ये जाऊन तुमच्या खात्यात जमा होतात. म्हणजे साठवणीचं काम ग्रिड आधीच करतंय. तिथे बिलासाठी बॅटरी घेण्यात अर्थ नाही.

दुसरा विचार असा ऐकू येतो: स्मार्ट मीटरवर दिवसाच्या विजेला सवलत आहे, मग दिवसा बॅटरी भरू आणि रात्री वापरू. गणित करून पाहू. सवलत युनिटला १ रुपया आणि विजेचा दर युनिटला ८ रुपये धरा. बॅटरीतून ४ युनिट बाहेर काढायला आत साधारण ४.६ युनिट घालावे लागतात, कारण चार्ज-डिस्चार्जमध्ये आणि इन्व्हर्टरमध्ये वीज वाया जाते. ४.६ युनिटवर सवलत मिळाली ४ रुपये ६० पैसे. वाया गेलेल्या ०.६ युनिटची किंमत झाली ४ रुपये ८० पैसे. त्यात हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही जोडता येणारा) नुसता चालू राहायला साधारण ५० वॅट खात असेल तर दिवसाला १.२ युनिट आणखी गेले. बॅटरीची किंमत अजून धरलेलीसुद्धा नाही.

बिलासाठी बॅटरी परवडते ती वेगळ्या परिस्थितीत: जिथे जास्तीच्या युनिटचा मोबदला फार कमी मिळतो, जिथे वीज बाहेर सोडायला परवानगी नाही, किंवा शेतातल्या घरापर्यंत लाईनच आलेली नाही. बाकी सगळ्यांनी बॅटरी लाईट गेल्यावरच्या सोयीसाठी घ्यावी आणि तो खर्च सोयीचा खर्च म्हणूनच मोजावा.

टप्पा २: लोडची यादी करा, तीही दोन रकान्यांत

पहिल्या रकान्यात वॅट, दुसऱ्यात तास. लाईट गेल्यावर जे चालू राहायलाच हवं तेवढंच लिहा. गिझर, इस्त्री आणि इंडक्शन शेगडी यादीत घेऊ नका, नाहीतर बॅटरीचा आकार दुपटीने वाढतो.

एका रात्रीचं, आठ तासांचं उदाहरण घेऊ. तीन जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॅट: १,८०० वॅट-तास. चार एलईडी दिवे चार तास: १६०. वायफाय राउटर: सुमारे १००. फ्रिज थांबून थांबून चालतो, त्याची सरासरी ६० वॅट धरली तर ४८०. एकूण २,५४० वॅट-तास, म्हणजे अडीच युनिट.

आता तेच तीन पंखे ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, आहेत असं समजा. पंख्यांचे १,८०० चे ७२० होतात आणि एकूण बेरीज दीड युनिटवर येते. तीन पंखे बदलायला नऊ-दहा हजार रुपये लागतात. तेवढंच एक युनिट बॅटरीतून मिळवायचं तर त्याच्या दुप्पट-अडीचपट पैसे जातात. म्हणून मी प्रत्येकाला आधी पंखे बदलायला सांगतो. लोकांना ते ऐकायला आवडत नाही, पण लिथियमवर पैसे वाचवण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

यादीत पंप असेल तर त्याला वेगळी खूण करा. एक एचपीचा पंप चालताना किलोवॅटभर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट करंट ओढतो. इन्व्हर्टर त्या क्षणाला ट्रिप होतो. शक्यतो टाकी दिवसा लाईट असतानाच भरायची आणि पंप बॅकअपच्या बाहेर ठेवायचा.

*तपासा:* तुमच्याकडे आता दोन आकडे हवेत. एक, एकूण किती युनिट. दोन, एकाच वेळी जास्तीत जास्त किती वॅट. पहिल्यावरून बॅटरी ठरते, दुसऱ्यावरून इन्व्हर्टर. दुकानदार तुम्हाला बहुधा एकच आकडा विचारेल, तुम्ही दोन्ही सांगा.

टप्पा ३: घरात आज काय बसवलेलं आहे ते ओळखा

इन्व्हर्टरच्या मागच्या-बाजूच्या लेबलचा फोटो काढा आणि तुमचं घर खालच्यापैकी कोणत्या प्रकारात बसतं ते पाहा.

पहिला प्रकार म्हणजे नेहमीचा घरगुती इन्व्हर्टर आणि पाण्याच्या (शिसं-ॲसिडच्या) बॅटऱ्या. एक बॅटरी असेल तर यंत्रणा १२ व्होल्टची, दोन असतील तर बहुधा २४ ची, चार असतील तर ४८ ची.

दुसरा प्रकार म्हणजे छतावर सोलर, नेट मीटर आणि ऑन-ग्रिड इन्व्हर्टर. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून बसलेल्या बहुतेक घरांत हेच असतं. या इन्व्हर्टरला बॅटरीचे टर्मिनल नसतात. लाईट गेली की तो भर उन्हातही बंद पडतो. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो मुद्दामच तसा बनवलेला असतो. अशा घरात दोनच मार्ग आहेत: तो इन्व्हर्टर काढून हायब्रिड लावायचा, किंवा तो तसाच ठेवून घराच्या नेहमीच्या (एसी करंटच्या) वायरिंगच्या बाजूने बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर जोडायचा. दुसऱ्या मार्गात दोन्ही इन्व्हर्टरचं जमणं महत्त्वाचं असतं. बॅटरी भरली की बॅटरीचा इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी थोडी वाढवतो, आणि सोलरच्या इन्व्हर्टरने ती ओळखून उत्पादन कमी करायला हवं. तो ते करतो का, हे दोन्ही कंपन्यांकडून लेखी घ्या.

तिसरा प्रकार हायब्रिड किंवा ऑफ-ग्रिड इन्व्हर्टरचा. त्याला बॅटरीची सोय असते, पण कोणतीही बॅटरी चालते असं नाही.

*थांबा:* नेट मीटरच्या कागदपत्रांत इन्व्हर्टरची नोंद असते. तो बदलायचा असेल तर आधी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. अनुदानातून बसवलेल्या यंत्रणेच्या ५ वर्षांच्या देखभालीची जबाबदारी बसवणाऱ्यावर असते. त्याला न सांगता इन्व्हर्टर बदलला तर पुढे तो हात वर करू शकतो.

टप्पा ४: जुळणी पाच ठिकाणी तपासा

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून घाई करू नका.

*व्होल्टेज.* घरगुती साठवणीत चालणाऱ्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचं व्होल्टेज ३.२ असतं. चार सेलची बॅटरी १२.८ व्होल्टची, आठची २५.६ ची, सोळाची ५१.२ ची. ती अनुक्रमे १२, २४ आणि ४८ व्होल्टच्या इन्व्हर्टरला चालते. थ्री-फेज हायब्रिड इन्व्हर्टरपैकी अनेकांना शेकडो व्होल्टची हाय-व्होल्टेज बॅटरी लागते. तिथे ५१.२ ची बॅटरी कधीच चालणार नाही.

इथेच एएचचा (अँपिअर-तासाचा) घोळ होतो. 'शंभर एएचची बॅटरी स्वस्तात मिळतेय, तुम्ही लाखाची का सांगता?' हा प्रश्न मला नेहमी येतो. १२.८ व्होल्टची १०० एएच म्हणजे १.२८ युनिट. ५१.२ व्होल्टची १०० एएच म्हणजे ५.१२ युनिट. नुसत्या एएचवरून भाव करू नका, व्होल्ट गुणिले एएच भागिले हजार करा.

*चार्जिंगची सेटिंग.* जुने इन्व्हर्टर पाण्याच्या बॅटरीसाठी बनलेले असतात. त्यांतले काही मधूनमधून व्होल्टेज मुद्दाम वाढवून इक्वलायझेशन करतात. पाण्याच्या बॅटरीला ते चांगलं असतं, पण लिथियमच्या बीएमएसला (बॅटरीतल्या संरक्षण सर्किटला) ते सहन होत नाही आणि ती बॅटरीची जोडणी बंद करून टाकते. सोळा सेलच्या बॅटरीला ५८.४ व्होल्ट ही कमाल मर्यादा असते, रोजचं चार्जिंग ५६ ते ५७.६ पर्यंत पुरे. इन्व्हर्टरमध्ये लिथियमचा पर्याय नसेल आणि व्होल्टेज हाताने ठरवताही येत नसेल, तर त्याला लिथियम लावू नका.

*चार्जिंगचा करंट.* लिथियम लवकर भरते हे खरं, पण करंट देणारा इन्व्हर्टर तसा हवा. साधा घरगुती इन्व्हर्टर १० ते १५ अँपिअर देतो. त्यावर १०० एएचची बॅटरी भरायला सात-दहा तास लागणारच. तुमच्याकडे दिवसातून दोनदा लाईट जात असेल तर दुसऱ्या वेळी बॅटरी अर्धीच भरलेली असेल.

*डिस्चार्जचा करंट.* पाच किलोवॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर ४८ व्होल्टच्या बॅटरीतून ११० अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरीची बीएमएस १०० अँपिअरची असेल तर मिक्सर आणि एअर कंडिशनर एकत्र लागले की घर अंधारात. बॅटरीत चार्ज भरपूर असतो, त्यामुळे घरच्यांना काय झालं ते कळतही नाही. एकतर दोन बॅटऱ्या समांतर लावा किंवा इन्व्हर्टरची मर्यादा खाली आणा.

*संवाद.* लिथियम बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर एका वायरवरून बोलतात, कॅन किंवा आरएस४८५ या पद्धतीने. लिथियमचं व्होल्टेज बराच वेळ जवळपास सारखंच राहतं, म्हणून नुसतं व्होल्टेज पाहून किती टक्के उरलं हे इन्व्हर्टरला कळत नाही. संवाद नसेल तर स्क्रीनवर ६० टक्के दिसत असताना बॅटरी संपू शकते. दोन्हीकडे आरजे४५ची सारखीच खाच असली तरी आतल्या तारांचा क्रम कंपनीनुसार बदलतो. साधी इंटरनेटची केबल लावून 'चालत नाही' म्हणणारे खूप भेटतात. इन्व्हर्टर कंपनीच्या मान्य बॅटऱ्यांच्या यादीत तुमच्या बॅटरीचं मॉडेल हवं. नुसतं कंपनीचं नाव असून भागत नाही.

*थांबा:* जुनी आणि नवी पाण्याची बॅटरी एकत्र लावू नका. लिथियम आणि पाण्याची तर कधीच नाही. दोन लिथियम समांतर लावायच्या असतील तर एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या घ्या आणि जोडण्याआधी दोन्ही पूर्ण भरा.

टप्पा ५: खर्च मांडा

बॅटरीची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. कोटेशनमध्ये या गोष्टी वेगळ्या ओळींवर मागा: बॅटरी, इन्व्हर्टर, डीसी फ्यूज आणि ब्रेकर, केबल, बॅकअपचा वेगळा डीबी (वितरण पेटी), अर्थिंग, मजुरी, वाहतूक, जीएसटी. शिवाय जुनी बॅटरी परत घेताना किती वजा करणार, तेही. शिसं विकलं जातं, त्यामुळे जुन्या बॅटरीला चांगला मोबदला मिळतो. ती भंगारवाल्याला देऊन ॲसिड गटारात ओतू देऊ नका.

२२ सप्टेंबर २०२५पासून पाण्याच्या बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. लिथियमवरही १८ टक्केच आहे. कोटेशनमध्ये जुना दर दिसला तर विचारा. सूर्यघर योजनेचं अनुदान, ३ किलोवॅट आणि त्यापुढे कमाल ७८,००० रुपये, हे सोलरच्या क्षमतेवर मिळतं. बॅटरी घेतली म्हणून त्यात वाढ होत नाही. कुणी 'बॅटरीसकट अनुदान' म्हणत असेल तर त्याला ते लिहून द्यायला सांगा.

आता तुलना. हे आकडे हिशोब दाखवण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या कोटेशनचे आकडे त्या जागी घाला.

१५० एएचच्या दोन ट्यूब्युलर (पाण्याच्या) बॅटऱ्या: ३२,००० रुपये. कागदावर ३.६ युनिट, पण आयुष्य टिकवायचं तर निम्म्यापर्यंतच रिकाम्या करायच्या, म्हणजे १.८ युनिट. त्यातही १५० एएच हा आकडा सी१० चा (दहा तासांत रिकामी केली तरचा) की सी२० चा (वीस तासांत) ते पाहा. वीस तास हळूहळू काढली तर मिळणारी वीज दोन-तीन तासांत ओढली तर मिळत नाही. चार-पाच वर्षांनी बदलायच्या धरल्या तर बारा वर्षांत तीन वेळा खरेदी, ९६,००० रुपये. वापरता येणाऱ्या एका युनिटमागे ५३,००० रुपये.

५.१२ युनिटची लिथियम: १,२०,००० रुपये. नव्वद टक्के वापरली तर ४.६ युनिट. त्याच बारा वर्षांत एकदाच खरेदी. एका युनिटमागे २६,००० रुपये.

लिथियम स्वस्त ठरली, पण ती पूर्ण वापरली तरच. ज्यांना दीड युनिटच लागतं, इन्व्हर्टर चांगला चालतोय आणि घर भाड्याचं आहे, त्यांनी बेलाशक ट्यूब्युलर घ्यावी.

'६,००० सायकल' (एक सायकल म्हणजे बॅटरी एकदा भरून रिकामी करणं) या आकड्यावरूनही एक चूक होते. किंमत भागिले ६,००० करून युनिटचा दर काढतात. रोज एक सायकल धरली तर ६,००० म्हणजे सोळा वर्षं. महिन्यातून सहा वेळा लाईट जाणाऱ्या घरात बॅटरी सायकलींनी संपत नाही, वयाने संपते. तिथे सायकलींसाठी जास्त पैसे मोजू नका, वॉरंटीची वर्षं पाहा.

*तपासा:* वॉरंटीच्या कागदावर चार गोष्टी शोधा. किती वर्षं, शेवटी किती टक्के क्षमतेची हमी, कोणत्या तापमानाची अट, आणि बिघडलेली बॅटरी नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा. बिलावर सिरियल नंबर हवाच. लिथियम सेलला आयईसी ६२६१९ आणि सोलरच्या पाण्याच्या बॅटरीला आयएस १६२७० हे मानक लागू होतं. प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या.

टप्पा ६: जागा आणि वायरिंग आधी तयार करा

उष्णता हा बॅटरीचा मुख्य शत्रू आहे. पाण्याच्या बॅटरीबाबत ठोकताळा असा की २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे आयुष्य निम्मं होतं. अकोला-नागपूरकडे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात जे तापमान असतं त्यात बॅटरी ठेवणं म्हणजे पैसे उन्हात टाकणं. कोकणात खारी हवा टर्मिनल खाते, तिथे बंद आणि कोरडी जागा हवी. नदीकाठी राहत असाल तर बॅटरी भिंतीवर उंच लावा. २०१९ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ला चिपळुणात तळमजल्यावर काय झालं ते आपण पाहिलं आहे. झोपण्याची खोली, जिन्याखालची जागा आणि बाहेर पडायची वाट, या तिन्ही ठिकाणी बॅटरी नको. पाण्याची बॅटरी असेल तर हवा खेळती हवी, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

बॅकअपवर चालायच्या लाईनींसाठी वेगळा डीबी करून घ्या. जुन्या घरांत सगळ्या खोल्यांचा न्यूट्रल एकच ओढलेला असतो. फेज वेगळा केला आणि न्यूट्रल सामाईक राहिला तर आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) पुन्हा पुन्हा ट्रिप होतो. मग वैतागून वायरमन तो काढूनच टाकतो. हे कधीही होऊ देऊ नका. न्यूट्रल वेगळा करायला एक दिवस जास्त लागतो, तो द्या.

थ्री-फेज कनेक्शन आणि सिंगल-फेज इन्व्हर्टर असेल तर बॅकअपच्या सगळ्या लाईनी एकाच फेजवर घ्याव्या लागतात. कोणत्या खोल्या त्यात येणार, हे घरच्यांसोबत बसून आधीच ठरवा.

बॅटरीच्या बाजूला डीसीसाठीचाच ब्रेकर आणि फ्यूज हवा. एसीचा एमसीबी तिथे ठिणगी विझवू शकत नाही. ११० अँपिअरसाठी केबल किमान २५-३५ चौरस मिलिमीटरची आणि शक्य तितकी आखूड.

टप्पा ७: जोडणीचा दिवस

आता बॅटरी आणा. मेन स्विच, सोलर आणि बॅटरी तिन्ही बंद असल्याची खात्री करून लाइसेन्सधारक वायरमनकडूनच जोडणी करून घ्या. चालू करताना आधी बॅटरी, मग इन्व्हर्टर, मग सोलर, शेवटी ग्रिड. बहुतेक यंत्रणांत हाच क्रम असतो, तरी तुमच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. बंद करताना बरोबर उलटा क्रम.

बसवणाऱ्याला लगेच जाऊ देऊ नका. तो समोर असतानाच मेन स्विच बंद करा. पंखे, दिवे, राउटर चालू राहिले का? मग तुमच्या यादीतला सर्वाधिक लोड अर्धा तास लावून ठेवा आणि बॅटरीच्या लगजवळ (केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडाजवळ) तापमान पाहा. एखादा लग बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो सैल आहे. आरसीसीबीचं टेस्ट बटण बॅकअपवर असतानाही दाबून पाहा.

आणि शेवटची, कधीही न चुकवायची चाचणी: लाईट गेलेली असताना मीटरकडून येणाऱ्या वायरवर टेस्टर आणि मल्टिमीटर लावा. तिथे शून्य व्होल्टच हवेत. तुमची वीज उलटी लाईनवर गेली तर खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जाईल.

सगळं ठीक असेल तर इन्व्हर्टरमधल्या सेटिंग्जचे फोटो काढून ठेवा. चालू-बंद करायचा क्रम मोठ्या मराठी अक्षरात कागदावर लिहा आणि डीबीच्या दाराला आतून चिकटवा. तुम्ही गावाला गेलेले असताना घरी एकट्या असलेल्या आईला तो वाचून बॅटरी बंद करता येते का, ते एकदा तिच्याकडूनच करून घ्या.